व्हिडिओ कॉलवर आजीचा फक्त चेहरा दिसतो

(या आठवड्याच्या भागाचं हे लेखी रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला तर ऐका. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढून टाकलेत. काही राहिले असतील तर चालवून घ्या.)

 

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी स्वतःहून कधी शोधला नसता. मीही शोधला नव्हता. तो माझ्याकडे चालत आला. चालत म्हणण्यापेक्षा पडून आला, कारण माझी आजी मोरीत पडली.

आजी वाईला राहते, एकटी. वय ७८. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली. मी आणि आई पुण्यात, मामा नाशिकला. 'पुण्याला ये' म्हणून सांगून आम्ही दमलो. तिचं एकच उत्तर असतं, "माझं घर इथं, माझी तुळस इथं. तुमच्या सातव्या मजल्यावर मी काय करू?" मग दर रविवारी व्हिडिओ कॉल. तुम्हाला माहितीये तो कसा असतो. स्क्रीनवर निम्मं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. मी विचारणार, "जेवलीस का?" ती म्हणणार, "हो, झालं की मघाशीच." संपला विषय.

मागच्या दिवाळीत मी वाईला गेले. तिच्या हातातल्या पाटल्यांना तिने दोरा गुंडाळला होता, निसटू नयेत म्हणून. ब्लाउजला खांद्यावर पिन लावलेली. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "आजी, कसली बारीक झालीयेस! मस्त!" फोटोसुद्धा काढला. ती हसली आणि म्हणाली, "या वयात काय लागतं गं खायला?"

फेब्रुवारीत ती पडली. हाड मोडलं नाही, पण दोन आठवडे अंथरुणात गेले आणि त्यानंतर तिला खुर्चीतून हात न टेकता उठताच येईना. डॉक्टरांनी वजन केलं, ४१ किलो. आईने जुन्या कागदांच्या पिशवीतून वर्षापूर्वीची चिठ्ठी शोधून काढली. त्यावर वजन होतं ४८.

वर्षात सात किलो गेले होते. मी दर रविवारी तिला बघत होते आणि मला कळलं नव्हतं.

म्हणून आजचा भाग. घरात एकटं किंवा म्हातारा-म्हातारी असं दोघंच राहणाऱ्या, अशक्त होत चाललेल्या माणसांच्या खाण्याबद्दल. मी डॉक्टर नाही. पण गेले चार महिने डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञ बाईंना विचारून, वाचून आणि रोज आजीशी हुज्जत घालून जे कळलं ते सांगते.

'वयामुळे होतं' हे अर्धंच खरं

मराठीत एक नेमका शब्द आहे, खंगणं. आपण तो पाऊस पडला तसा वापरतो. "म्हातारी खंगली हो." जणू त्यात कुणाला काही करण्यासारखं नाहीच.

वैद्यकात याला फ्रेल्टी म्हणतात आणि त्याची व्याख्या बरीच काटेकोर आहे. लिंडा फ्राइड या अमेरिकन डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली पाच खुणा मांडल्या. प्रयत्न न करता वर्षात साडेचार किलोंच्या आसपास वजन जाणं. सतत थकवा. हाताची पकड ढिली होणं. चाल मंदावणं. हालचाल कमी होणं. यातल्या तीन किंवा जास्त असतील तर माणूस फ्रेल. एक-दोन असतील तर त्या वाटेवर. आजीच्या मी पाचही मोजल्या. वजन गेलेलं. "दमायला होतं" रोजचंच. लोणच्याच्या बरणीचं झाकण शेजारच्या काकू उघडून देतात. बाजारातून येताना दोनदा टेकावं लागतं. आणि दिवसाचा बराच वेळ खाटेवर.

अशा माणसाला छोटा धक्काही मोठा पडतो. साधा ताप, दोन दिवसांचे जुलाब, मोरीतली एक घसरण. तरुण माणूस आठवड्यात उभा राहतो. फ्रेल माणूस आधी होता तिथवर परत पोचेलच असं नाही.

याच्या मुळाशी असतात स्नायू. वयानुसार स्नायू आणि त्यांची ताकद कमी होणं याला सार्कोपेनिया म्हणतात. १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग यांनी हा शब्द सुचवला, ग्रीकमधून, 'मांसाची उणीव' अशा अर्थाचा. वयानुसार थोडे स्नायू प्रत्येकाचेच जातात. पण आजीचे सात किलो एका वर्षात गेले, ते वयामुळे नाही. ती पुरेसं खात नव्हती.

ही फक्त माझ्या आजीची गोष्ट आहे असं समजू नका. २०१७-१८ मध्ये देशभर 'लासी' नावाची मोठी पाहणी झाली, ४५ वर्षं आणि त्यापुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची. त्यात साठीच्या पुढच्या दर चार माणसांमागे एकाहून जास्त जणांचं वजन हवं त्यापेक्षा कमी निघालं.

म्हाताऱ्या स्नायूला कडी जोरात वाजवावी लागते

आता आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मला हे माहीतच नव्हतं.

आपला समज असतो की वय वाढलं की कमी खाल्लं तरी चालतं. कॅलरींच्या बाबतीत ते थोडंफार खरं आहे, हालचाल कमी झालेली असते. पण प्रोटीनचं उलटं आहे. म्हाताऱ्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त प्रोटीन लागतं.

का? समजा स्नायू म्हणजे एक घर. आपण प्रोटीन खातो, ते रक्तातून जाऊन दाराची कडी वाजवतं, "दुरुस्तीचं सामान आलंय." तरुण घरात हलकी टकटक पुरते. म्हाताऱ्या घरात ऐकू कमी येतं. तिथे जोरात वाजवावं लागतं, तेव्हा दार उघडतं. याला तज्ज्ञ अॅनाबॉलिक रेझिस्टन्स म्हणतात. म्हणून दिवसभर चिमूट चिमूट खाण्यापेक्षा मुख्य जेवणांत भरपूर प्रोटीन हवं. तज्ज्ञ एका जेवणाला २५ ते ३० ग्रॅम सांगतात.

आकडे असे. आपल्याकडे राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी ठरवलेलं प्रमाण आहे वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम. वृद्धांसाठी २०१३ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सुचवलं १ ते १.२ ग्रॅम. आणि आजारी किंवा कुपोषित असेल तर १.२ ते १.५. (मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तर हे लागू नाही. त्याबद्दल पुढे बोलते.)

आजी ४१ किलोची. १.२ ने गुणलं तर रोज साधारण ४९ ग्रॅम.

मग मी एक वही घेऊन तिच्याशेजारी बसले आणि आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते लिहून काढलं. खरं खरं. "जेवले" हे उत्तर चालणार नाही म्हटलं.

सकाळी चहा आणि दोन टोस्ट. प्रोटीन ३ ग्रॅम.
दुपारी अर्धी भाकरी, अर्धी वाटी पातळ आमटी, चमचाभर भाजी. ७ ग्रॅम.
संध्याकाळी चहा, तीन बिस्किटं. अडीच ग्रॅम.
रात्री थोडे दूध-पोहे. ५ ग्रॅम.

बेरीज साडेसतरा. गरजेच्या निम्मंसुद्धा नाही. आणि एकादशीला? साबुदाणा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. शेंगदाण्याचा कूट घातला तर तेवढंच काय ते प्रोटीन. आणि दात नाहीत म्हणून आजी कूट घालायचीच बंद झाली होती.

ती का खात नव्हती?

मी आधी तिच्यावर चिडले होते. "आजी, तू मुद्दाम करतेस." नंतर एकेक कारण सुटत गेलं आणि मला माझीच लाज वाटली.

पहिलं, भूकच कमी लागते. वास आणि चव मंदावते, पोट हळू रिकामं होतं, चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. हे नाटक नसतं, शरीरातच तसे बदल होतात. तहानही कमी लागते, म्हणून पाणीही कमी प्यायलं जातं.

दुसरं, दात. आजीची कवळी सैल झाली होती. हिरड्याही वाळतात, त्यामुळे जुनी कवळी बसत नाही. ती कवळी डब्यात काढून ठेवायची आणि मऊ तेवढंच खायची. मऊ म्हणजे चहात बुडवलेलं बिस्किट.

तिसरं, गोळ्या. रोज सात. मधुमेहाची मेटफॉर्मिन भूक मारू शकते, आणि बरीच वर्षं घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. आजी माळकरी, म्हणजे अंडं-मांस नाही, त्यात ब-१२ आधीच कमी. तपासलं तर तसंच निघालं. लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ, आणि बद्धकोष्ठाने भूक बंद. डॉक्टरांनी एक गोळी थांबवली, एकीची वेळ बदलली. हे डॉक्टरांनी केलं, आम्ही नाही. आपण आपल्या मनाने कुठलीच गोळी बंद करायची नाही.

चौथं, पथ्य. वीस वर्षांपूर्वी कुणा डॉक्टरांनी सांगितलं होतं, तूप बंद, भात बंद, गोड बंद, मीठ कमी. तेव्हा तिचं वजन होतं ६५. ते डॉक्टर आता नाहीत, ते वजन नाही, पण पथ्य चालूच. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची वृद्धांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की ज्या पथ्यांमुळे खाणं कमी होतं ती शक्यतो टाळावीत. मधुमेह असला तरी खंगत चाललेल्या माणसाला साखरेच्या भीतीने उपाशी ठेवणं हा मोठा धोका आहे. साखर किती चालेल, ते डॉक्टरांशी बोलून नव्याने ठरवायचं.

पाचवं कारण आजीनेच सांगितलं, वही मिटल्यावर. "एकटीसाठी कुकर काय लावायचा?"

पन्नास वर्षं तिने दुसऱ्यांसाठी स्वयंपाक केला. आधी सगळ्यांना वाढायचं, मग उरलेलं आपण खायचं. दूध पोरांना, साय आजोबांना. आजोबा गेले आणि वाढायला कुणी उरलं नाही. तिने जेवण सोडलं नव्हतं. पण तिला स्वतःसाठी वाढून घ्यायची सवयच नव्हती. आम्ही दूध आणायला पैसे पाठवायचो. ती पाव लिटर घ्यायची आणि उरलेले पैसे आमच्याच वाढदिवसांना पाकिटात घालून द्यायची.

इथे एक महत्त्वाची सूचना. वजन पटकन उतरत असेल तर ते फक्त कमी खाण्यामुळेच आहे असं घरी बसून ठरवू नका. थायरॉइड, क्षयरोग, कॅन्सर, नैराश्य यांतलं काहीही मागे असू शकतं. आधी तपासणी. जोडीदार गेल्यावरची उदासी हीसुद्धा तपासायची आणि उपचार करायची गोष्ट आहे.

ताट तेवढंच, ऐवज जास्त

आमची पहिली चूक म्हणजे आम्ही तिला जास्त वाढायला लागलो. दोन भाकऱ्या, मोठी वाटी. ताट बघूनच ती म्हणायची, "नको गं." आणि मग दोन घासही जायचे नाहीत.

आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, ताट वाढवू नका, ताटातला ऐवज वाढवा. घास तेवढेच, पण प्रत्येक घासात जास्त काहीतरी. आणि तिला जे आवडतं, ती जे लहानपणापासून खात आली, त्यातूनच. आम्ही असं बसवलं:

सकाळी नाचणीच्या सत्त्वाची खीर, एक कप दुधात, वर दोन मोठे चमचे दुधाची पावडर. साधारण ११ ते १२ ग्रॅम. पावडरीने कप वाढत नाही, पण प्रोटीन जवळपास दुप्पट होतं.

दहा वाजता मुगाचं एक मऊ धिरडं, तूप लावून. ९ ग्रॅम.

दुपारी घट्ट वरण, मऊ भात किंवा दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी, दह्यात कालवलेला शेंगदाण्याचा बारीक कूट. १७ ग्रॅमच्या आसपास.

चार वाजता चहा राहिला. चहा काढला असता तर तिने आम्हाला घरातून काढलं असतं. फक्त बिस्किटाऐवजी फुटाण्याच्या पिठाचा छोटा लाडू, तूप आणि थोडा गूळ. साडेसहा.

रात्री पिठलं आणि गुरगुट्या भात. ८ ग्रॅम.

बेरीज करा. बावन्नच्या आसपास. एकाही पदार्थासाठी दुकानात वेगळं काही मागावं लागलं नाही. हे आकडे घरगुती मापाचे आहेत, ग्रॅम-दोन ग्रॅम इकडेतिकडे होणारच. दुपारचं जेवण २५ ला पोचत नाही, तेही मला दिसतंय. पण १७ पासून ५२ हा प्रवास मोठा आहे. तुमच्याकडे अंडं चालत असेल तर काम आणखी सोपं, एका अंड्यात ६ ग्रॅम. मासे चालत असतील तर मऊ, बिनकाट्याचा मासा उत्तमच.

हे सगळं एका दिवसात सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त खीर. दुसऱ्या आठवड्यात लाडू. आणि कुणी बरेच दिवस जवळपास काहीच खाल्लेलं नसेल तर घरी एकदम भरपूर खायला घालू नका. तशा शरीरात अन्न अचानक वाढलं तर रक्तातले क्षार बिघडून धोका होऊ शकतो. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरुवात करायची.

नुसतं खाऊन भागत नाही

१९९४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये बोस्टनमधला एक अभ्यास छापून आला. वृद्धाश्रमातले १०० अशक्त लोक, सरासरी वय ८७. दहा आठवडे. काहींना पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. ज्यांनी व्यायाम केला त्यांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. नुसतं पेय घेतलेल्यांना विशेष फायदा दिसला नाही.

सत्याऐंशी वर्षं वय, हं. जिमला जायचा आळस करणाऱ्यांनी (म्हणजे मी) हे दोनदा ऐकावं.

उलटंही खरं आहे. २००७ च्या एका प्रयोगात धडधाकट वृद्धांना दहा दिवस फक्त अंथरुणात ठेवलं, तर केवळ पायांतून जवळपास एक किलो स्नायू गेले. धडधाकट माणसांचे! म्हणजे आजीचे ते दोन आठवडे काय करून गेले असतील ते समजा. 'आराम कर, उठू नकोस' हे आपण प्रेमाने सांगतो. पण डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर तो आराम महाग पडतो.

आजीचा व्यायाम एकच, खुर्चीतून उठणं आणि बसणं. खुर्ची भिंतीला टेकलेली, शेजारी काकू उभ्या. सुरुवातीला हात टेकून तीन वेळा. आता दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा. ती त्याला व्यायाम म्हणत नाही. 'हरी' म्हणत उठते आणि 'विठ्ठल' म्हणत बसते. चालतंय की.

घरबसल्या तपासणी

सुट्टीत घरी गेलात की या चार गोष्टी बघा. पैसे लागत नाहीत.

वजन. जुन्या चिठ्ठीवरचं आकडं शोधा. सहा महिन्यांत ते वर्षभरात पाच टक्के उतरलं असेल तर डॉक्टरांकडे जा. ४८ किलोचे पाच टक्के म्हणजे जेमतेम अडीच किलो. आमच्याकडे घंटा तिथेच वाजायला हवी होती.

पोटरी. जपानमध्ये एक सोपी चाचणी वापरतात. बसून, स्वतःच्या दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून कडं करायचं आणि ते पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती धरायचं. बोटं एकमेकांना पोचत नसतील तर बरं. कडं सैल बसून मध्ये फट राहिली तर स्नायू कमी झाल्याची शक्यता. टेप असेल तर ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी पोटरी ही काळजीची खूण. पाय सुजलेले असतील तर मात्र हे माप फसवतं.

खुर्ची. हात छातीशी बांधून पाच वेळा उठणं-बसणं. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांची ताकद कमी आहे. तुम्ही शेजारी उभे राहा.

चौथी गोष्ट, घरभर नजर टाका. पाटल्यांना दोरा. ब्लाउजला पिन. सैल अंगठी. धोतराला किंवा पॅन्टच्या पट्ट्याला पाडलेलं नवं भोक. डब्यातली कवळी. फ्रीजमध्ये तीन दिवसांची आमटी. बिस्किटांचे रिकामे पुडे.

तुमचे प्रश्न

विषय आधी सांगितला होता, तेव्हा काही मेसेज आले. त्यातले तीन घेते.

'माझे आजोबा चांगले जाड आहेत, त्यांना हे लागू नाही ना?' लागू आहे. पोट सुटलेलं असलं तरी आतले स्नायू गेलेले असू शकतात. म्हणून काट्याबरोबर पकड, चाल आणि खुर्ची बघायची.

'प्रोटीन पावडरचा डबा ऑनलाइन पाठवू का?' आधी डाळ, दूध, दही, दाणे. ते जमतच नसेल, वजन उतरतच असेल तर डॉक्टर पोषक पेय लिहून देतात, ते उपयोगी पडतं. पण विचारल्याशिवाय नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्रोटीन चालेल हे त्यांचे डॉक्टरच ठरवतील, आणि मधुमेह-रक्तदाब असणाऱ्या बऱ्याच जणांना मूत्रपिंड बिघडल्याचं माहीतच नसतं. साधी रक्त-लघवी तपासणी आधी करून घ्या.

'आजी जेवताना सारखी खोकते.' हे कवळीवर ढकलू नका. पाणी किंवा चहा पिताना ठसका लागणं, घास गालात साठणं ही गिळण्याच्या त्रासाची लक्षणं असू शकतात. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. लवकर दाखवा.

आणि एक नंबर लिहून ठेवा, १४५६७. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन, एल्डरलाइन. कवळी, काठी, चष्मा परवडत नसेल तर केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना अशी साधनं मिळतात. चौकशी करायचं काम फोन हातात असलेल्या आपल्यासारख्यांनीच करायचं.

शेवटी, रविवारचा कॉल

आता आमचा कॉल रविवारचा राहिला नाही. रोज दुपारी एक वाजता, माझ्या ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत. मी डबा उघडते, ती ताट घेते, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते. आता पंख्याऐवजी मला ताट दिसतं. सोबत कुणी असलं की दोन घास जास्त जातात, हे आपल्या सगळ्यांनाच माहितीये. रात्रीचं पिठलं कधी शेजारच्या काकू आणतात, कधी आजी त्यांच्यासाठी करते. त्यांच्यासाठी करायचं असलं की ती कुकर लावते. बघा, युक्ती काय आहे ते.

चार महिन्यांत वजन ४१ वरून ४४ झालं. ४८ नाही. होईल की नाही, माहीत नाही. आता ती हात न टेकता उठते, काठी घेऊन गणपतीच्या देवळापर्यंत जाते, येताना एकदाच टेकते. पाटल्यांचा दोरा अजून आहे. मी विचारलं, "काढायचा का?" ती म्हणाली, "राहू दे. अजून थोडी खीर खाते, मग बघू."

त्या दिवाळीतला फोटो मी डिलीट केलेला नाही. 'कसली बारीक झालीयेस, मस्त' हे वाक्य पुन्हा तोंडातून निघू नये म्हणून ठेवलाय.

तर आज एकच काम. हा भाग संपला की घरी फोन लावा. 'जेवलीस का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम 'हो'च असतं. 'काय जेवलीस?' असं विचारा. मग 'किती?' आणि मग 'कुणाबरोबर?' उत्तरं ऐकून काही खटकलं तर मला लिहा, पण आधी डॉक्टरांची वेळ घ्या.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर काळजी घ्या, आणि एखादा घास कुणाबरोबर तरी खा.